जुम्मेरातचा डबा

फोन आला तेव्हा अली शेवटच्या बंगल्यातले दिवे लावत होता.

कळंबच्या त्या ओळीतले सगळे बंगले मुंबईवाल्यांचे. मालक शनिवारी यायचे, एरवी घरं रिकामी. आत माणूस आहे असं चोराला वाटावं म्हणून अलीने संध्याकाळी दिवे लावायचे आणि सकाळी घालवायचे.

"अलीचाचा, कर्जतला या," नवनाथ म्हणाला. तो चौकमार्गे कर्जत-लोधिवली टेंपो चालवायचा. "चाचीला बरं नाय."

"काय झालं?"

"तुमी या तर खरं."

शरीफा टेंपोत खिडकीला डोकं टेकून बसली होती. कर्जतला सगळे उतरले, ती उतरली नाही. झोप लागली असेल म्हणून नवनाथ आधी चहा पिऊन आला. अली पोचला तेव्हा ती दवाखान्यात होती आणि तोंडावरून चादर ओढलेली होती.

तो गुरुवार होता. दर जुम्मेरातला शरीफा लोधिवलीच्या पलीकडच्या पीराला जायची. गेल्या पावसाळ्यात तिने नेम धरला होता. मुलगा तौकीर परदेशात सुखरूप राहावा म्हणून मन्नत, आणि तिथल्या फकिराला डबा. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी.

"पीराच्या दारात सुकट नेतेस?" अलीने एकदा चेष्टा केली होती.

"फकीर काय, रोज गोडच खाईल?" ती म्हणाली होती.

त्या दिवशी टेंपोत तिची पिशवी सापडली, डबा सापडला नाही. लग्नातला स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. मयतीच्या गडबडीतही अलीच्या डोक्यातून तो जाईना.

शुक्रवारी सकाळी माती झाली. शरीफाची बहीण तस्लीम म्हणाली, "दुलाभाई, तौकीरला कळवा."

"कळवून काय? तोंड तर दिसणार नाय त्याला. सगळं टाकून पळत येईल."

"आई हाय त्याची."

"ईदला येणारच हाय. तवा समोर बसवून सांगीन. तोवर कुणी तोंड उघडायचं नाय."

तौकीर एकदा पळून आला होता. पहिल्या नोकरीवरून महिन्याभरातच परतला, तेव्हा गावाने अलीची खूप खेचली. दुसऱ्यांदा निघताना अली त्याला म्हणाला होता, "ह्या वेळी मधेच आलास तर माझ्या दारात पाय ठेवू नको."

तो आला नाही. वाळवंटात, राजधानीपासून तासाभरावर, तिथलं सरकार नवं शहर बांधत होतं. सुरुवातीला तो व्हिडिओ लावून दाखवायचा. नजर पोचेल तिथवर वाळू आणि मधेच उंच इमारती. राहायला कुणीच नाही. त्याचं काम रिकाम्या घरांत फिरून नळ सोडायचे आणि संध्याकाळी दिवे लावायचे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला वस्ती दिसावी. मग गेल्या पावसाळ्यात तिथे व्हिडिओ बंद झाला असं तो म्हणाला. नुसता आवाज यायचा.

"बापलेक एकाच धंद्यात," गावातले म्हणायचे. "रिकाम्या घरांची दिवाबत्ती."

मातीच्या दिवशीच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"अम्मी कुठं हाय?"

"झोपलीय."

"बरी हाय ना? चक्कर वगैरे?"

अलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. एवढ्या लांब बसलेल्या पोराला हे कसं सुचावं?

"बरी हाय," तो म्हणाला.

पुढचे दिवस असेच गेले. तस्लीमकडे गेलीय. नमाजला बसलीय. अलीला घरात बसवेना. दिवे लावलेल्या बंगल्यांत तो पुन्हा पुन्हा जाऊन यायचा, लावलेलं बटण चाचपायचा.

बुधवारी तौकीर म्हणाला, "उद्या जुम्मेरात. अम्मी जाणार ना पीराला?"

"जाणार की."

"डबा घेऊन?"

"डबा घेऊन. नेम मोडील का ती?"

"मग ठीक हाय," तौकीर म्हणाला. आठवडाभरात पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा झाला. तेवढ्यात मशिदीत मगरिबची अजान सुरू झाली. फोनमधूनही लांबून अजान ऐकू आली.

"तुझ्याकडं पण झाली वाटतं," अली म्हणाला.

"हो. ठेवतो, अब्बा."

रात्री अलीने ठरवलं. पोर येईपर्यंत मन्नत अर्धी राहायला नको. सकाळी तस्लीमने भाकऱ्या करून दिल्या, दुसऱ्या डब्यात भरल्या. पहिला डबा फकिराकडेच राहिला असणार. तोही आणता येईल.

कर्जतला नवनाथने त्याला आपल्या शेजारी बसवलं. चौक मागे पडल्यावर डोंगराच्या पायथ्याशी उंच इमारती दिसू लागल्या. भाताची खाचरं बुजवून तिथे नवं शहर उठत होतं. क्रेन होत्या, मोठी कमान होती, माणूस दिसत नव्हता.

"तुमच्या पोराचं शहर असंच असंल, नाय चाचा?"

"तिकडं वाळू हाय," अली म्हणाला.

कमानीसमोर नवनाथने टेंपो थांबवला.

"इथं कशाला? पीर पुढं हाय."

"चाची तर इथंच उतरायची. दर गुरुवारी."

"पीराला नाय जायची?"

"माझ्या टेंपोनं तरी कदी नाय."

अली खाली उतरला. कमानीखाली, वॉचमनच्या खोलीच्या सावलीत, निळ्या गणवेशातला एक जण रस्त्याकडे बघत उभा होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात घासून लखलखीत केलेला स्टीलचा डबा.

अलीला बघून तो एक पाऊल मागे सरला. मग त्याची नजर अलीच्या खांद्यावरून टेंपोत गेली आणि एकेका सीटवर आईला शोधू लागली.

तौकीरला सांगायचं अजून राहिलंच होतं.