डाव्या पायाचा मुंजा

पिंपळाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढं एक म्हातारी बसली होती. तिनं फडक्याची गाठ सोडली, मलिदा काढला आणि पळसाच्या पानावर ठेवला. बागेचा चौकीदार मच्छिंद्र काठीला हनुवटी टेकून बघत उभा होता. त्याला मनातून हसू येत होतं, कारण हा देव त्यानंच केलेला होता.

अंबडच्या कचेरीसमोरची ही सरकारी बाग. पेशीला, म्हणजे खटल्याच्या तारखेला आलेल्या लोकांनी ती पार नासवली होती. पत्ते, शिंदीची मडकी, शिव्या, मारामाऱ्या, आणि झाडांच्या बुंध्याशी तर नाक दाबल्याशिवाय जायची सोय नव्हती. कचेरीच्या साहेबांनी पाटी लावली, ती सरकारी भाषेत, उर्दूत. ज्यांना ती वाचता येत नव्हती ते तिच्याकडं बघत नसत, आणि ज्यांना येत होती ते तिलाच पाठ टेकून पत्ते पिसत. मच्छिंद्र एका कोपऱ्यातून लोक उठवी तोवर दुसरा कोपरा भरलेला असे. शेवटी दिवाळीनंतर त्यानं पिंपळाखाली दगड मांडला, त्याला शेंदूर फासला आणि सांगून टाकलं की इथं मुंजा आहे. अंगावर घोंगडी, डावा पाय ओढत चालतो, घाण करणाऱ्याच्या मागं थेट घरापर्यंत जातो. महिन्याभरात बाग रिकामी झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

लोक भीत होते, पण नैवेद्य घेऊन कुणी आलं नव्हतं. म्हणून त्यानं म्हातारीला गाव विचारलं.

ती गोजरबाई, बदनापूरकडची. दोन दिवस चालत आली होती. पेशीहून परतलेल्या कुणीतरी तिच्या गावात मुंजाची गोष्ट सांगितली होती. बोलता बोलता ती मलिद्याच्या कडेचे कण आत सारत होती.

"एक सांगा दादा," ती म्हणाली. "घोंगडीला लाल धाग्याचं ठिगळ हाय का?"

ठिगळाचं मच्छिंद्र कुणालाच बोलला नव्हता. पण ठिगळ होतं. उजव्या खांद्यावर, तळहाताएवढं. ते त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्याचं हसू जिथल्या तिथं विरलं.

त्याच्या चेहऱ्यावरून तिला काय कळायचं ते कळलं.

"मंग माझा पोरगा रामकिसनच हाय," ती म्हणाली. "ल्हानपनी बैलानं पाय तुडवला व्हता त्याचा. कामाला म्हनून गेल्ता. दोन वर्सं दाराला कडी न लावता निजले, दादा. आता उद्या शहागडला गंगेवर जाते, त्याच्या नावानं पानी सोडते. आन् घरी जाऊन कडी लावते."

हे ती इतक्या शांतपणे बोलली की मच्छिंद्रला तिची भीती वाटली.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात मोठ्या साहेबांचा दौरा होता. बागेत एक माणूस दिसता कामा नये, असा हुकूम. मच्छिंद्रनं झाडून सगळे बाहेर काढले होते. ह्याच पिंपळाखाली विशीतला एक पोरगा घोंगडीत मुटकुळं करून पडला होता. संध्याकाळपर्यंत पडू द्या, ताप आहे, म्हणाला. मच्छिंद्रनं काठी चालवली. एकदाच, पण चालवली. पोरगा उठला आणि पाय ओढत फाटकाबाहेर गेला. पुढं मुंजा रचायची वेळ आली तेव्हा तो पाय आपसूक तोंडात आला, आणि आपल्याला काय झकास सुचलं म्हणून मच्छिंद्र स्वतःवरच खूश झाला होता.

आता गप्प बसणं सोपं होतं. मुंजा राहिला असता, नोकरी राहिली असती, म्हातारीलाही झोप लागली असती. ती उठून दगडाला हात जोडू लागली तेव्हा त्याला राहवेना.

"माय, पानी सोडू नको," तो म्हणाला. "मुंजा न्हाई इथं. दगड म्याच ठिवला."

तिनं जोडलेले हात खाली घेतले. पाय कसा कळला, ठिगळ कसं कळलं, हे तिनं विचारलं नाही. पण ती त्याच उत्तराची वाट बघत होती.

"त्याला पाह्यलं व्हतं म्या. जित्ता व्हता. तापानं फणफणला व्हता. म्या त्याला काठीनं हाकलला."

मच्छिंद्र खाली मान घालून उभा राहिला. तिनं शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं त्याला फार वाटलं.

"कोन्या अंगाला गेल्ता?" तिनं विचारलं.

दाखवायला त्यानं काठी उचलली. ती आपल्या हातात आहे हे ध्यानात येताच त्यानं ती टाकली आणि हातानं जालन्याची वाट दाखवली. त्याला दोन वर्षं झाली माय, असंही तो म्हणाला, पण ती खाली बसली होती. तिनं पानावरचा मलिदा कण न् कण फडक्यात भरला. "जित्या पोराचा घास हाय," ती म्हणाली आणि गाठ बांधून फाटकाबाहेर पडली. म्हातारीच्या मानानं ती फार झपाझप चालत होती.

फाटकाशी पेशीची वाट बघत दोघं जण उभे होते. एकाच्या खिशात पत्त्यांचा जोड होता.

"काय चौकीदार, म्हातारीनं मुंजा नेला का? बसू का मंग आत?"

मच्छिंद्रनं दगडाकडं पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "इथंच हाय."

ते हसले आणि निघून गेले. काठी पिंपळाखाली पडली होती, ज्या जागी तो पोरगा निजला होता तिथंच. ती घ्यायला मच्छिंद्र दोनदा वाकला आणि दोन्ही वेळा तसाच सरळ झाला.