ओपन म्हणजे उघडंच ना?

"ओपन म्हणजे उघडंच ना रे? उघड्या दारातून कुत्रंही आत येतं!" सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर पुन्हा तेच म्हणाले आणि निलेशचं टाळकंच सटकलं.

"काका, कुलूप कसं बनतं हे जगाला ठाऊक असलं म्हणून चावी जगाकडे जाते का? माझा प्रोग्रॅम ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही तपासावा, चूक दाखवावी. तो काढून तुम्ही गेटवर जे ॲप बसवलंत, ते आत काय उद्योग करतं ते तुम्हाला तरी माहितीये?"

"कंपनी म्हणते सेफ आहे."

"कंपनी म्हणते! मग हे काय?"

त्याने धाकट्या बहिणीचा, दीप्तीचा मोबाइल कमिटीपुढे आपटला. तिच्या नवऱ्याचा, प्रीतमचा मेसेज होता. 'आठ चाळीसला निघालीस. डबा न घेताच?'

या हरामखोराने तिचा हात मोडला होता. त्याला पत्ता लागू नये म्हणून अख्खं घर घाटकोपर सोडून नाहूरला आलं होतं.

"गेटवरची नोंद बाहेर जातेय. उद्या तो सुरा घेऊन आला तर कंपनी आडवी पडणार आहे?"

कंपनीचं ॲप त्याच सभेत बाद झालं.

निलेश धुमसतच घरी आला. आई, रत्नप्रभा, अनारसे तळता तळता फोनवर बोलत होती. "हो, हो, या ना. वाट बघते." त्याला बघून तिने फोन ठेवला.

"कोण गं?"

"भटजी. अधिकाचं वाण द्यायचंय रविवारी." तिने अनारसे मोजले. तेहेतीस. "मीटिंगचं काय झालं?"

"जिंकलो! रविवारपासून माझी सिस्टिम. तुझ्या होकाराशिवाय चिटपाखरू आत येणार नाही."

"माझ्या?"

"घरी तूच असतेस ना. फोनवर नाव येईल, हिरवं बटण दाबायचं. त्या प्रीतमला म्हणावं, ये आता!"

"भांड्याला भांडं लागायचंच रे," आई पुटपुटली. मग तिने ते बटण दोनदा विचारून नीट शिकून घेतलं.

रविवारी सकाळपासून दुधवाला, इस्त्रीवाला, सगळे बिनबोभाट नोंदले गेले. साडेअकराला निलेश श्यामसुंदरना घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये आला. वर दीप्ती गाढ झोपली होती, पंधरवड्यात पहिल्यांदाच.

"बघा काका, लपवाछपवी नाही. कोण आलं, कुणी आत घेतलं, सगळं समोर. शेवटची नोंद वाचा, मोठ्याने वाचा!"

श्यामसुंदरनी चष्मा नाकावर चढवला.

"अकरा वाजून पाच मिनिटं. घर नंबर चारशे दोन. अरे, तुमचंच की! पाहुण्याचं नाव, प्रीतम. कशासाठी, जावयाचं वाण. आत घेतलं, रत्नप्रभा."