विरजण

काचेला चीर गेली म्हणून निहारच्या माशांसाठी नवी टाकी आणावी लागली. निहार, कुमुदताईंचा लेक, जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्याच्या मागे घरात त्याचं म्हणून हलतं-फिरतं उरलं होतं ते हे दोन सोनेरी मासेच.

“आई, जुन्या फिल्टरमधला हा स्पंज नव्या टाकीत घाला,” कामावर निघताना सून म्हणाली. “चांगले जंतू असतात त्यात, माशांची घाण तेच पचवतात. विरजणच म्हणा ना.”

विरजण कुमुदताईंना कुणी शिकवायला नको होतं. विरजणाचं भांडंसुद्धा त्या कढत पाण्याने धुऊन घेत. आणि हा स्पंज तर तपकिरी, बुळबुळीत! लेकाच्या माशांजवळ असलं ओंगळ ठेवायचं? त्यांनी तो साबण लावून घासघासून पांढरा केला, कढत पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळला आणि मगच नव्या टाकीच्या फिल्टरमध्ये बसवला.

आठवड्याच्या आत दोन्ही मासे उलटे तरंगू लागले. सुनेने फिल्टर उघडला आणि तो पांढराशुभ्र स्पंज बाहेर काढून ठेवला.

“धुतलात?”

“मळला होता गं.”

“त्याचा शर्टही असाच धुतलात तुम्ही. तेराव्याच्या आधीच. दाराआड खुंटीवर होता, त्याच्या घामाचा वास होता त्याला.” तिचा आवाज चढला नाही. “मी बोलले नव्हते कधी.”

कुमुदताईंनी स्पंज उचलून नाकाशी नेला. त्याला कसलाच वास येत नव्हता.