पाच पाकळ्यांचा नट

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, तुम्ही झेंडूच्या ढिगावर बसून धुक्यातून तरंगत निघाला आहात. अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला मैना तशीच निघाली होती. अकोल्याच्या बाजाराला जाताना बापाने जुनी घेतलेली मोटार ओढ्याकाठी पंक्चर झाली. जादा चाक चोरीला जाऊ नये म्हणून पाच पाकळ्यांच्या नटाने जखडलेलं होतं आणि तो फिरवायची खास किल्लीच नव्हती. “विकणाऱ्यानं किल्ली काय नवसाले ठेवली?” बाप म्हणाला. “लोहार नवी करते, पन त्याले नट कसा दाखवू? इथंच फुलं सुकतीन.” मैनेने ओढ्याची काळी माती मळायला घेतली. “पोरी, काहून माती खेळून राहिली?” तिने गोळा नटावर दाबला आणि अलगद सोडवला. मातीत पाच पाकळ्या उमटल्या होत्या. “बा, तू फुलायवर पानी मार,” ती म्हणाली. मग ओला गोळा तळहातांवर घेऊन ती लोहाराकडे निघाली. पळत मात्र नाही.