खिशावरचा डाग

"किल्ली पितळेची आहे, असू द्या. पितळेला चुंबक विचारत नाही. कमरेचा पट्टा मात्र काढा," दारमामा म्हणाले.

दिवसाचा पहिलाच पेशंट. माणूस आडदांड, पण मुकाट्याने पट्टा काढून एमआरआयच्या खोलीत गेला. मशीनवर मामांची लेकच होती.

अठरा वर्षं मामा या दारावर होते. न ऐकणाऱ्यांसाठी त्यांच्या खिशाला दोऱ्याने बांधलेली सेफ्टी पिन असायची. उंबऱ्यावर धरली की ती हवेत आडवी होऊन मशीनकडे ताणली जायची. मग भल्याभल्यांचे हात आपोआप अंगठ्या चाचपायचे.

घरी मात्र त्या पिनेला शिव्याच. तिच्या गंजाचा डाग पांढऱ्या खिशावर पडतो म्हणून बायको दर धुण्याला कुरकुरायची. आजही निघताना ती मागून काहीतरी बोलत होती. मिक्सर चालू होता. मामा नुसतं "बरं, बरं" म्हणाले होते.

दहा मिनिटांत लाईट गेली. लेक धावत आत गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, यांचा श्वास अडकलाय. मला एकटीला हलत नाहीत."

नवे डॉक्टर ऑक्सिजनचा लोखंडी सिलेंडर घेऊन धावत आले. मामा दारात आडवे उभे राहिले.

"सिलेंडर इथंच ठेवा, साहेब. दोघं मिळून ओढून आणू त्यांना."

"तोवर तो जाईल. मामा, लाईटच नाही, मग चुंबक कुठलं?"

"लाईट जाते. चुंबक जात नाही."

"बाबा, पिन धरून बघा ना," लेक म्हणाली. ती पेशंटवर वाकली होती, पाठ मशीनला लागलेली.

मामांनी अंधारात खिसा चाचपला, पिन उंबऱ्यावर धरली. पिन सरळ खाली लोंबत राहिली. एक पाऊल आत टाकलं, तरी ढिम्म. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

"मेलं बघा तुमचं चुंबक," डॉक्टर म्हणाले. "सरका आता."

पिन कधी खोटं बोलली नव्हती. मामा सरकले.

डॉक्टर सिलेंडर उचलून आत शिरले. पिन जागेवर ठेवायला मामा खिडकीच्या उजेडात आले. खिसा पांढराशुभ्र होता. आणि मिक्सरच्या घरघरीतलं बायकोचं बोलणं आता कुठे त्यांच्या कानात शिरलं.

"गंजकी टाकून दिली हो. पितळेची लावलीय."