सुखाने जा

कोवळे ऊन डोंगराआडून वर आले, वसतिगृहाच्या कौलांवर रेंगाळले आणि कमानीतल्या पितळी घंटेवरून ओघळत मधल्या पायरीवर, मकरंदच्या पायांशी थांबले.

या जुन्या शाळेचा रिवाज होता : कॉलेजात प्रवेश मिळालेल्याने घंटा वाजवायची, मागे राहणाऱ्यांनी खालच्या पायरीवरून ‘सुखाने जा’ म्हणायचे. कौस्तुभ दोरी धरून उभा होता, पण ओढत नव्हता. संध्याकाळपर्यंत पुण्याला पोहोचला नाही, तर त्याची जागा जाणार होती.

“मक्या, वर ये. दोघांनी मिळून वाजवायचं ठरलंय.”

“माझा निकाल यायचाय रे.”

“मग मीही थांबतो. जागा गेली खड्ड्यात!”

मकरंद खालच्या पायरीवर उतरला आणि सगळ्यांआधी ओरडला, “सुखाने जा, गाढवा!”

घंटा घुमली. निकाल कालच आला होता; मकरंदला प्रवेश मिळाला नव्हता.