शंभर वर्षं टिकणारी डिस्क

या, जरा सरकून जवळ बसा. गुरुप्रसादबुवांच्या रेकॉर्ड झालेल्या एकमेव कीर्तनाचं पुढे काय झालं, ते सांगतो.

गविपुरमला कौशल्याअक्कांच्या घरात उमाकांतरावांनी देव्हाऱ्यातून त्या कीर्तनाची डिस्क उचलली आणि त्यांचं तोंड उतरलं. चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची बोटं होती. कडेला चंदन वाळलं होतं.

"अक्का, हे काय केलंत?"

"रोज पुसते की अण्णा," कौशल्याअक्का म्हणाल्या. "ओल्या फडक्याने. चक्रासारखी आहे ना, म्हणून गोल गोल पुसते."

मधून कडेकडे सरळ पुसली असती तरी एक वेळ चाललं असतं. गोल पुसलं की आवाजाच्या वाटेवरूनच चरे पडत जातात. पण हे अक्कांना कोण सांगणार? आणि हे काही पहिलं घर नव्हतं, पत्ता लागलेल्या घरांपैकी शेवटचं, एकोणतिसावं होतं. कुठे अक्षता चिकटलेल्या, कुठे भोकातून दोरा ओवून हार घातलेला.

उमाकांतराव सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतले निवृत्त इंजिनियर. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बुवांचं एक कीर्तन रेकॉर्ड केलं. साध्या सीडीत मावत नाही इतका बारीक आवाज धरणाऱ्या डिस्कवर. चिपळ्या वाजण्याआधी बुवा श्वास घेत, तोसुद्धा तिच्यात ऐकू येई. मात्र ती वाजवायला वेगळं यंत्र लागे.

"फोनवरही घाला हो," बुवा तेव्हा म्हणाले होते. "माझ्या म्हाताऱ्या बायांकडे तेवढंच असतं."

"फोनवर चोथा होईल बुवा. ही डिस्क शंभर वर्षं टिकेल. शब्द देतो."

बुवा भोळे. त्यांनी मान डोलावली.

परदेशातून छापून आणलेल्या शंभर डिस्क तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी संपल्या. "कोण म्हणतं या डिस्कना बाजार नाही?" असं उमाकांतराव महिनाभर सांगत फिरत होते. नेणाऱ्यांपैकी यंत्र किती जणांकडे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. लोकांनी बुवांचा आवाज घरी नेला होता. असली वस्तू माणूस ठेवणार कुठे? देवापाशीच.

मार्चमध्ये बुवा गेले. पुढच्या पावसाळ्यात उमाकांतरावांच्या सर्जापूर रोडच्या तळघरातल्या स्टुडिओत कमरेएवढं पाणी शिरलं. मूळ रेकॉर्डिंग गेलं, उमाकांतरावांची स्वतःची प्रतही गेली. छापणाऱ्या कारखान्याने तर तो विभागच बंद केला होता. आता कुणाच्या घरी एक जरी डिस्क धड सापडली, तरच बुवांचं कीर्तन उरणार होतं. म्हणून ते यंत्र पिशवीत घालून दारोदार हिंडत होते. गाडी चालवायला मुलगी, वल्लरी.

त्यांनी अक्कांची डिस्क हलक्या हाताने धुतली, यंत्रात घातली. आत घरघर झाली. मग काहीच नाही.

"बाबा, तुमच्या डिस्कचं मार्केट एकदम सॉलिड आहे," वल्लरी हळूच म्हणाली. "प्रत्येक देव्हाऱ्यात एक."

 उमाकांतराव भिंतीला टेकून खालीच बसले.

"वाजत नाही?" अक्कांनी विचारलं. "तुम्हाला ऐकायचंय काय ते? मग थांबा स्वल्प."

त्यांनी पदर खोचला, डोळे मिटले आणि नमन सुरू केलं. आवाज चिरका होता, पण ताल पक्का. पूर्वरंग झाला. अभंगाचं निरूपण झालं. एका जागी त्या थांबल्या. "इथे बुवा पाणी प्यायले," म्हणाल्या आणि पाणी पिण्याइतका वेळ गप्प राहिल्या. मग आख्यान लागलं. देवालाच जात्याशी बसवणारी आंधळी म्हातारी देवाला दटावते, "नीट दळ रे, भरड पडतंय!" तिथे बुवा जसे स्वतःच हसत, तशाच अक्का हसल्या.

वल्लरीच्या डोळ्यांना धार लागली होती. "अक्का, एवढं पाठ कसं?"

"चाळीस वर्षं ऐकलं त्यांना. आणि डिस्क पुसताना रोज म्हणते. नुसतं पुसून काय करायचं?"

वल्लरीने फोन काढला. उमाकांतरावांनी तिचा हात खाली केला.

"नको. त्यावर नको. बुवांचं आता एवढंच उरलंय, ते नीटच व्हायला हवं. अक्का, मी शनिवारी चांगले माइक घेऊन येतो."

"बाबा, आत्ता घेऊ, शनिवारी परत घेऊ!"

"एकदाच घ्यायचं. नीट घ्यायचं."

"सरी, बरं अण्णा," अक्का म्हणाल्या. त्यांना फार बरं वाटलं होतं. "स्वल्प लवकर या. संध्याकाळी मला दम लागतो."

शनिवारी सकाळी नऊलाच उमाकांतराव दोन माइक आणि त्यांचे स्टँड घेऊन पोचले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता.

अक्कांची सून रक्षिता बाहेर आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"काल दुपारी गेल्या. तीन दिवस सारखं तेच कीर्तन म्हणत होत्या. अण्णा येणार, कुठे चुकायला नको म्हणून. दम लागला तरी थांबेनात."

उमाकांतरावांनी स्टँड चपलांशेजारी टेकवले. मग विचारलं, "तुम्ही... कुणी फोनवर काही...?"

"मी फोन धरला होता हो समोर. त्याच म्हणाल्या, ठेव तो. फोनवर चांगलं येत नाही, अण्णा नीट घेणार आहेत."

तुम्ही बुवांचं नाव घ्याल तेव्हा गविपुरमच्या कौशल्याअक्कांचंही घ्या. त्यांचा आवाज कुणापाशी नाही.